बाळंतपणानंतरचे ४२ दिवस: सुईण, नर्सबाई आणि आशाताई नेमके काय करतात?

बाळंतपण सुखरूप झाले, पेढे वाटून झाले, बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की सगळ्यांना हायसे वाटते. नऊ महिने दर महिन्याला तपासणीला जाणारी बाई आता खोलीत झोपून असते आणि येणारे-जाणारे बाळ कोणासारखे दिसते यावर बोलत असतात. काळजीचे दिवस संपले, असा घरातल्यांचा समज होतो.

प्रत्यक्षात सर्वांत नाजूक दिवस तेव्हाच सुरू झालेले असतात. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जी बाळे दगावतात, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. आईच्या बाबतीतही अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि वाढलेला रक्तदाब हे धोके बाळ जन्मल्यावरही कायम असतात. या काळात कोणीतरी जाणकार बाई घरी येऊन दोघांना नीट पाहते की नाही, यावर बरेच काही ठरते. ती काय पाहते आणि का पाहते, हे घरच्यांनाही माहीत असायला हवे.

सूतिकाकाल म्हणजे काय?

बाळ जन्मल्यापासून पुढच्या ४२ दिवसांना, म्हणजे सहा आठवड्यांना सूतिकाकाल म्हणतात. आपल्याकडे बाळंतिणीला 'सव्वा महिना' जपण्याची पद्धत आहे, ती या मुदतीच्या जवळच जाते. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला येणे, अंगावरून जाणे थांबणे, दूध नीट सुरू होणे आणि शरीराची झीज भरून निघणे, हे सारे या काळात घडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या शिफारशींनुसार, साध्या बाळंतपणानंतरही आई आणि बाळाने किमान २४ तास दवाखान्यात राहावे. पहिल्या २४ तासांतली तपासणी धरून दोघांची निदान चार वेळा तपासणी व्हावी. उरलेल्या तीन वेळा म्हणजे ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान आणि सहाव्या आठवड्यात. भारतात सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणानंतर ४८ तास थांबवून घेण्याची पद्धत आहे. 'आता बरे वाटतेय' म्हणून त्याआधी घरी जाण्याचा आग्रह धरू नये.

सुईण, एएनएम, मिडवाइफ, आशा: कोण कोण?

ही नावे अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण प्रत्येकीचे काम वेगळे आहे.

सुईण किंवा दाई: गावातली अनुभवी बाई. ती परंपरेने बाळंतपण करते, नाळ कापते, पुढे काही दिवस आई-बाळाला न्हाऊ-माखू घालते. तिचे शिक्षण घरातल्या किंवा गावातल्या जुन्या सुईणीच्या हाताखाली झालेले असते.

एएनएम: उपकेंद्रातली नर्सबाई. पदाच्या नावातच 'मिडवाइफ' हा शब्द आहे. मराठीत 'साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका'. बाळंतपण, लसीकरण, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची तपासणी ही तिची कामे.

आशाताई: गावातलीच, प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती. ती बाळंतपण करत नाही. घरी भेटी देऊन आई-बाळाला तपासते, धोका ओळखते आणि दवाखान्यात पाठवते.

व्यावसायिक मिडवाइफ: केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांनुसार नर्सिंग झालेल्या परिचारिकांना आणखी १८ महिन्यांचे प्रशिक्षण मिळते. त्यानंतर त्या साधी बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करू शकतात आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरकडे सोपवतात.

परदेशात सूतिकाकालात घरी येणारी मिडवाइफ ही नेहमीची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये दवाखान्यातून सुटल्यावर पहिले दहा-बारा दिवस समाजातील मिडवाइफ आई-बाळाची काळजी घेते आणि नंतर ते काम 'हेल्थ व्हिजिटर'कडे जाते. नेदरलँड्समध्ये 'क्राम्झोर्ख' नावाची व्यवस्था आहे. तिथे बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर प्रशिक्षित मदतनीस रोज काही तास घरी येते. महाराष्ट्राच्या खेड्यांत या कामाचा मोठा वाटा आशाताईंकडे आहे आणि त्याची सुरुवात गडचिरोलीत झाली.

गडचिरोलीच्या ३९ गावांत काय घडले?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात एक अभ्यास सुरू केला. तेव्हा तिथे बहुतेक बाळंतपणे घरीच, दाईच्या हातून होत. दवाखाना दूर, पावसाळ्यात रस्ते बंद आणि जन्मानंतर बाळाला घराबाहेर काढायचे नाही ही रीत. बाळ आजारी पडले तरी ते डॉक्टरपर्यंत पोचत नसे.

म्हणून उपचारच घरापर्यंत न्यायचे ठरले. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले गेले. दाईला बाजूला सारले नाही. बाळंतपणाच्या वेळी दोघी हजर राहत. दाईचे लक्ष आईकडे असे, आरोग्यदूताचे बाळाकडे. बाळ रडले नाही तर त्याला श्वास कसा द्यायचा, वजन कसे करायचे, ऊब कशी राखायची, दूध कसे पाजायला लावायचे, हे ती शिकलेली असे. नंतरच्या २८ दिवसांत ती पुन्हा पुन्हा घरी जाई.

जंतुसंसर्ग ओळखण्याची पद्धतही सोपी ठेवलेली होती. आधी जोरात रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले का? नीट ओढणारे बाळ आता ओढेनासे झाले का? अंग गार किंवा तापलेले आहे का? श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे का? छाती आत ओढली जाते का? पोट फुगले का? बेंबीत पू आहे का? अशी दोन लक्षणे एकाच वेळी दिसली की संसर्ग समजायचा. आईबापांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला, तर त्यांच्या संमतीने घरीच प्रतिजैविके द्यायची.

या पद्धतीत बाळात काय बदल झाला, याला महत्त्व होते. तो बदल सर्वांत आधी आईला दिसतो. त्यामुळे 'कालपर्यंत पीत होते, आज पीत नाही' हे आईचे वाक्य तपासणीचा भाग बनले.

हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीला या ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ६० च्या आसपासच राहिला.

याच गावांत आयांचाही अभ्यास झाला. बाळंतपणात किंवा त्यानंतर काही ना काही त्रास झालेल्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून जास्त निघाले. त्यातही कळा आणि बाळंतपणाच्या वेळेपेक्षा नंतरच्या दिवसांत त्रास होणाऱ्या स्त्रिया जास्त होत्या. म्हणजे घरातले निर्धास्त होतात त्याच दिवसांत आईला तपासणीची गरज असते.

कोणत्या दिवशी कोण येते?

गडचिरोलीच्या अनुभवावर आधारित 'गृहस्तरीय नवजात बालक काळजी' हा कार्यक्रम २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत राबवला जातो. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी होतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. या सेवेचे घरच्यांनी कोणालाही पैसे द्यायचे नसतात.

आशाताईच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि बाळाला गुंडाळायचे पांघरूण असते. तिच्याकडे एक तपासणी अर्जही असतो. प्रत्येक भेटीत तो भरला गेला पाहिजे. दारातूनच 'सगळे ठीक ना?' विचारून गेली तर ती भेट झाली असे म्हणता येत नाही. घरच्यांनी तिला आत बोलवावे, हात धुवायला साबण-पाणी द्यावे आणि बाळाचे वजन करायला सांगावे.

आधी हात धुणे का?

सूतिकाकालातल्या तपासणीची पहिली पायरी म्हणजे साबणाने हात धुणे. यामागे मोठा धडा आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ मध्ये डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या विभागात तीनहून कमी.

इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत, सुइणी शवविच्छेदन करत नसत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि काही आठवड्यांतच मृत्यू झपाट्याने घटले. हा नियम आजही डॉक्टर, सुईण, आत्या, मावशी अशा सर्वांना लागू आहे. बाळाला घेण्याआधी हात धुवावेत.

आईचे काय तपासतात?

गर्भाशय: पोटावर हात ठेवला की ते घट्ट गोळ्यासारखे लागायला हवे. बाळंतपणानंतर ते बेंबीच्या आसपास असते आणि दहा ते चौदा दिवसांत ओटीपोटात खाली जाते. मऊ लागत असेल तर रक्तस्रावाचा धोका असतो.

अंगावरून जाणे: पहिले तीन-चार दिवस लाल, मग फिकट तपकिरी, नंतर पांढरट होत जाते. दिवसात पाचाहून जास्त घड्या भिजत असतील तर ते प्रमाणाबाहेर आहे. तासाभरात एक घडी पूर्ण भिजली तर थांबू नये. दुर्गंधी येणे हे संसर्गाचे लक्षण आहे.

ताप: १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे 'दूध उतरल्याचा ताप' असे गृहीत धरू नये. गर्भाशय, टाके, स्तन किंवा लघवीच्या मार्गात संसर्ग असू शकतो.

रक्तदाब: गरोदरपणात वाढलेला रक्तदाब बाळंतपण झाले की लगेच उतरतो असे नाही. काही जणींना तो बाळंतपणानंतरच वाढतो. खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे ही त्याची लक्षणे.

स्तन: दूध साठून कडक होणे, बोंडांना चिरा पडणे, एखादा भाग लाल आणि गरम होणे. बहुतेक वेळा बाळ नीट लावले गेलेले नसते. बाळाच्या तोंडात फक्त बोंड न जाता भोवतालचा काळसर भागही गेला पाहिजे. हे शेजारी बसून दाखवावे लागते, आणि अनुभवी नर्सबाई किंवा सुईण ते सर्वांत चांगले दाखवू शकते.

गोळ्या: बाळंतपणानंतर १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नयेत, लोह नीट शोषले जात नाही.

पुढचे मूल: बाळ निदान दोन वर्षांचे होईपर्यंत पुन्हा दिवस जाऊ नयेत, हे आईच्या आणि दोन्ही मुलांच्या तब्येतीसाठी चांगले. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, या भरवशावर राहू नये. साधनांविषयी याच भेटीत विचारावे.

बाळाचे काय तपासतात?

ऊब: काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावे. सोपी खूण म्हणजे पाय गार लागले तर बाळाला ऊब कमी पडते आहे. बाळ आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून वरून पांघरूण घालावे. पहिली अंघोळ निदान २४ तासांनंतर. वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर नर्सबाईला विचारूनच.

दूध: जन्मानंतर पहिल्या तासात पाजायला सुरुवात करावी. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीही नाही. आठवडाभराचे बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे.

वजन: पहिल्या काही दिवसांत ते थोडे घटते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वेळेइतके परत येते. ते येत नसेल तर कारण शोधावे लागते.

श्वास: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजावा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर दवाखान्यात न्यावे.

नाळ: कोरडी आणि उघडी ठेवावी. हळद, राख, तेल, शेण काहीही लावू नये.

कावीळ: पहिल्या २४ तासांतच दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर बाळ दवाखान्यात न्यावे. उन्हात धरून वाट पाहत बसू नये.

लसी: जन्माच्या वेळी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांत हिपॅटायटिस बी. पुढच्या लसी दीड महिन्याला.

परंपरेतले काय ठेवावे, काय सोडावे?

सगळ्याच चालीरीती चुकीच्या नाहीत. बाळंतिणीला विश्रांती, माहेरची माणसे, हलक्या हाताची मालिश, डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू, गरम ताजे जेवण यांत गैर काही नाही. अळीव लोहासाठी चांगला आहे. बाळंतिणीच्या खोलीत गर्दी होऊ न देण्याची रीत तर संसर्गापासून वाचवणारी आहे.

या गोष्टी मात्र थांबवायला हव्यात:

• बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी. धुराने आणि कार्बन मोनॉक्साइड वायूने दोघांचाही जीव धोक्यात येतो.
• पहिला चीक काढून टाकणे. बाळाला रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच मिळते.
• मध, गुटी, साखरपाणी चाटवणे. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये.
• आईला पाणी कमी देणे, वरण-भाजी बंद करणे. पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा जास्त अन्न-पाणी लागते.
• कान-नाकात तेल घालणे, डोळ्यांत काजळ घालणे, बाळाची छाती पिळणे.

हे सांगायचे कोणी, हा प्रश्न असतो. सुनेने सासूला सांगितले तर वाद होतो. नर्सबाई किंवा आशाताईने आजीला शेजारी बसवून सांगितले तर ती ऐकते. गावातली सुईण जे बोलते त्याला अजूनही वजन आहे, म्हणून तिला ही माहिती असणे सर्वांच्या फायद्याचे आहे.

माहेरी गेल्यावर भेटी का चुकतात?

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. नाव सासरच्या आशाताईकडे नोंदलेले असते आणि बाळ-बाळंतीण माहेरी असतात. एकीला वाटते दुसरी जात असेल आणि दोघीही जात नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचेही असेच होते.

उपाय साधा आहे. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. बाळंतपणाआधीच माहेरच्या आशाताईला किंवा उपकेंद्राला कळवावे. शहरात आणि खासगी दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सुटी मिळतानाच पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नोंद करावी. कोणी घरी आले नाही, तर तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या आसपास आपणहून तपासणी करून घ्यावी.

आईच्या मनाचे काय?

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे अनेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ जवळ घ्यावेसे वाटेना, झोप लागेना, 'मी चांगली आई नाही' असे सतत वाटू लागले, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मुलगी झाली म्हणून टोमणे ऐकाव्या लागणाऱ्या बाईला याचा धोका अधिक असतो.

घरातल्यांपुढे हे बोलता येत नाही. म्हणून घरी येणाऱ्या नर्सबाईने किंवा आशाताईने आईशी काही मिनिटे एकटीशी बोलणे हा भेटीचा महत्त्वाचा भाग आहे, आणि घरच्यांनी ती सवड द्यावी. मानसिक आरोग्यासाठी 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे आणि तिला एकटी सोडू नये.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यावे?

आई:
• खूप रक्तस्राव, चक्कर, अंग गार पडणे
• ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
• तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, झटके
• धाप लागणे, छातीत दुखणे
• एकाच पायाला सूज आणि वेदना

बाळ:
• दूध ओढेनासे होणे, रडणे क्षीण होणे
• सुस्त पडून राहणे किंवा झटके
• अंग गार लागणे किंवा ताप
• श्वास वेगाने चालणे, छाती आत ओढली जाणे, कण्हणे
• तळहात-तळपाय पिवळे होणे
• बेंबीतून पू, पोट फुगणे, सतत उलट्या

आई-बाळाच्या वाहतुकीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीचे आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. दवाखान्यात नेताना बाळ आईच्या छातीशी धरून न्यावे आणि ओढत असेल तर वाटेत पाजत राहावे.

२०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण देशात २० आणि महाराष्ट्रात ११ होते. गडचिरोलीच्या त्या गावांत १९९३ च्या सुमारास ते ६२ होते, हे पाहिले तर किती अंतर कापले गेले ते कळते. उरलेल्या मृत्यूंतलेही बरेच टाळता येण्याजोगे आहेत. त्यासाठी तिसऱ्या दिवशी दारात आलेल्या आशाताईला आत बोलवावे आणि तिने बाळाइतकेच आईलाही तपासले ना, हे पाहावे.